रखमाबाईंची शेळी

परवा एपीएमसी मार्केटमध्ये आमच्या महिला मंडळाचं आरोग्य शिबिर होतं. कांदा निवडणारी एक बाई डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होती. शेवटी तिच्याच गावची, कानडी बोलणारी सोबतीण आली, तेव्हा कुठे दुखणं कळलं.

मला डॉ. रखमाबाई आठवल्या. जन्म मुंबईचा, 1864 चा. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचं नाकारलं आणि त्यावरचा खटला 1884 ते 1888 गाजला. मग विलायतेला जाऊन त्या 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

मुलूख गुजराती, डॉक्टरीण मराठी! त्यात बाळंतपणासाठी दवाखान्यात जायचं म्हणजे बायकांच्या पोटात गोळाच. पण रखमाबाई चिडल्या नाहीत, उपदेशही केला नाही. त्यांनी म्हणे एक गाभण शेळी दवाखान्यात आणली. ती सुखरूप व्याली, ते पाहून बायकांची भीड चेपली. नंतर राजकोटलाही त्यांनी बायकांवर वर्षानुवर्षं उपचार केले. 1955 मध्ये त्या गेल्या.

पुढच्या शिबिराला मी औषधांच्या आधी कानडी येणारी मदतनीस शोधणार आहे. मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?