रंग हुकले, दाते जुळले

ऊसतोडीचा हंगाम आला की बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बाहेर पडतात. घाट लागताच चालक गिअरची दांडी हलवतो आणि दमलेले इंजिन तेच ओझे चढावर ओढू लागते. इंजिन तेच, मग बळ आले कुठून? याचे उत्तर मोटारीपेक्षा साध्या यंत्रांत सापडते. सायकल, कडबाकुट्टी आणि उसाचा चरक ही ती यंत्रे. तिन्ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्यात येऊन गेली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना, चित्रकलेची मात्र ओढ होती. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले; पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखता येत नव्हता. रंगांधत्वात डोळ्यांच्या पडद्यावरील रंग टिपणाऱ्या पेशींचा एखादा प्रकार नीट काम करत नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि पुरुषांत अधिक आढळतो. त्यावर औषध नाही, पण रेषा, आकार आणि माप यांत त्याने काही उणे पडत नाही. लक्ष्मणरावांनी नेमकी हीच वाट धरली. रंग सोडून ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवूही लागले.

१८८८ मध्ये त्यांनी सायकलींच्या व्यवसायात पाऊल टाकले. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकत. सायकलीत गिअरचे पहिले सूत्र दिसते. समजा, पायडलच्या चाकाला ४८ दाते आहेत आणि मागच्या चाकाला १६. पायडलचा १ फेरा झाला की मागचे चाक ३ फेरे घेते. वेग वाढतो, पण जोर तितकाच घटतो. म्हणून चढावर मांड्या भरून येतात. उलट लहान चक्राने मोठे फिरवले, तर वेग घटतो आणि जोर वाढतो. गिअर शक्ती निर्माण करत नाही. वेग आणि जोर यांची अदलाबदल तेवढी करतो.

नोकरीत आपल्याला डावलून दुसऱ्याला बढती मिळाल्यावर लक्ष्मणराव बेळगावला परतले. तिथल्या लहानशा कारखान्यात त्यांनी कडबाकुट्टी यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे २ वर्षे गेली. कडबाकुट्टीत पात्यांचे चाक भरभर फिरते, तर कडबा पुढे सरकवणारे रूळ दातेरी चाकांमुळे सावकाश फिरतात. काही यंत्रांत ही चाके बदलली की कडब्याचे तुकडे लहान किंवा मोठे होतात.

बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे पुढे उसाचे चरकही बनू लागले. बैलाच्या चरकात मधला रूळ फिरला की वरची दातेरी चाके शेजारचे रूळ उलट दिशेने फिरवतात आणि ऊस आत ओढला जातो. जवळची दोन दंतचक्रे नेहमी विरुद्ध दिशेने फिरतात. गाडीचा रिव्हर्स गिअर याच तत्त्वावर चालतो. तिथे मध्ये एक जादा चक्र येते आणि चाकांची दिशा उलटते.

मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये ही सूत्रे एकत्र येतात. पहिल्या गिअरला इंजिनाचे साधारण तीन-चार फेरे गिअरबॉक्समधून बाहेर पडेपर्यंत एक होतात, म्हणून जोर मिळतो. वरच्या गिअरला हे प्रमाण जवळपास एकास एक होते, म्हणून वेग मिळतो. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. मग सिंक्रोनायझरची कडी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग जुळवते आणि दाते न खरडता गिअर पडतो. अर्धवट क्लच दाबून दांडी रेटली, तर तोच खरखरीचा आवाज येतो.

उतारावर हीच अदलाबदल उलटी कामी येते. खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिन त्यांना आवरते. मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक पकड सोडतात. शिवाय अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. आजच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय पॅडलवरून काढला की इंजिनाचे इंधन जवळपास बंदच होते. म्हणजे न्यूट्रलने फारसे काही वाचत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रॉलीत माणसे बसलेली असतील, तर हे कधीच विसरू नये.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. माणसाचे आणि बैलाचे बळ मर्यादित असते हे ओळखून, ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर लोखंडाला आकार दिला.