झेरॉक्समागचा माणूस

चंद्रपूर-गडचिरोलीत तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयासमोर ‘झेरॉक्स’ची पाटी हमखास दिसते. आता काही घरांतही लेझर प्रिंटर आला आहे. लिनक्सवर चालणारा संगणक आणि प्रिंटर एकाच वायफायला जोडलेले असले, की संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचे नाव बहुधा आपोआप दिसते. नव्या प्रिंटरना वेगळा ड्रायव्हरही सहसा लागत नाही. बटण दाबले की कागद बाहेर! ही सोय ज्यांच्यामुळे शक्य झाली, त्या चेस्टर कार्लसन यांचे बालपण मात्र क्षयरोगाच्या छायेत गेले.

कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. पण क्षयरोग आणि मणक्याच्या संधिवाताने त्यांना कामाबाहेर केले. त्यामुळे शाळेच्या आधी आणि नंतर मिळेल ते काम करून मुलानेच घर चालवले. ते १७ वर्षांचे असताना आईही क्षयरोगाने गेली. त्या काळी या रोगावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन आले ते १९४० च्या दशकात.

तरीही १९३० मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी मिळवली. मंदीच्या काळात एक नोकरी गेली, दुसरी मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात. तिथे कागदपत्रांच्या प्रती कधीच पुरेशा नसत. त्या पुन्हा टंकलिखित कराव्या लागत. शिवाय रात्री कायद्याचे शिक्षण सुरू होते आणि पुस्तके परवडत नसल्याने ग्रंथालयात बसून उतारे हाताने उतरवावे लागत. दृष्टी अधू होती आणि आता वडिलांप्रमाणे त्यांच्याही मणक्यात संधिवात शिरला होता. हे उतरवून घेणे थांबवायचेच, असे त्यांनी ठरवले.

स्वयंपाकघरातच गंधकाचे प्रयोग सुरू झाले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया येथील भाड्याच्या खोलीत ते आणि सहायक ओटो कोरनाय यांना यश आले. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासून तिच्यावर विद्युतभार आणला. तिच्यावर अक्षरे लिहिलेली काच ठेवून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला आणि वरून टाकलेली भुकटी तेवढ्याच जागी चिकटली. मेणकागद दाबताच अक्षरे त्यावर उमटली. त्यात दिवस आणि गावाचे नाव होते.

पुढे २० हून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. अखेर १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने आणि १९४७ मध्ये हॅलॉइड या छोट्या कंपनीने हात दिला. ग्रीक भाषेतील ‘कोरडे लेखन’ या अर्थाच्या शब्दांवरून तंत्राला नाव मिळाले, कंपनीच पुढे ‘झेरॉक्स’ झाली. १९५९ मध्ये तिचे ‘९१४’ हे यंत्र आले आणि कार्लसन श्रीमंत झाले. सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी दान केले, तेही बहुतेक नाव न सांगता. १९ सप्टेंबर १९६८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. नंतर झेरॉक्समधील संशोधकांनी दिव्याच्या जागी लेझर आणला आणि प्रिंटर तयार झाला.

हे लेखन ‘कोरडे’ आहे, हे पावसाळ्यात लक्षात ठेवावे. जंगलपट्ट्यातील दमट हवेत कागद ओलसर होतो, भार नीट टिकत नाही आणि छपाई फिकट येते. अशा वेळी लिनक्सची सेटिंग बदलत बसण्याआधी कोरडा कागद घालून पाहावा.

आज क्षयरोग औषधांनी बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. घरचा कमावता माणूस अंथरुणाला खिळला, की शाळकरी मूल कामाला जुंपले जाते. कार्लसन त्यातून वर आले. सगळीच मुले येत नाहीत.