तांड्यातून आलेले वसंतराव

रेल्वे नव्हती त्या काळी छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवरून नागपुरास येत असे. भंडाऱ्यावरून जाणाऱ्या वाटेने बंजाऱ्यांचे तांडे चालत. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल, त्यांच्या गळ्यांतील घंटांचा नाद आणि तांड्याच्या अग्रभागी नायक, असा तो थाट असे. परतीच्या वाटेवर गोण्यांतून मीठ जाई. मिठाला संस्कृतात लवण म्हणतात. त्यावरूनच या लोकांना लमाण हे नाव पडले, असे मानतात. ज्या गावी जे पिकत नाही ते तेथे पोहोचविणे, हा त्यांचा पिढीजात धंदा होता. या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणत.

पुढे नागपूरहून तुमसर व गोंदियावरून छत्तीसगडकडे आगगाडी धावू लागली. देशात इतरत्रही लोहमार्ग पसरले आणि बैलांचे तांडे ओस पडले. धंदा बुडाला, हे एक संकट झाले. दुसरे संकट त्याहून दारुण होते. इंग्रज सरकारने इ. स. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात, असे या कायद्याने गृहीत धरले. पारधी, कैकाडी अशा अनेक जमाती त्याच्या यादीत गेल्या. काही भागांत बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. अशा जमातींच्या लोकांची नावे पोलिसांच्या दप्तरात नोंदविली जात. त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरासारख्या ठिकाणी कित्येक कुटुंबांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचा अधिकारही सरकारने आपल्याकडे घेतला होता. ज्याने कधी चोरी केली नाही, तोही केवळ जन्मामुळे चोर ठरत असे!

हा कायदा चालू असतानाच १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली या छोट्याशा गावी वसंतरावांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा चतुरसिंग यांनी भटकंती सोडून तेथे तांडा वसविला होता. वडील फुलसिंग हे तांड्याचे नायक. त्यावरूनच नाईक हे आडनाव रूढ झाले.

त्या काळी तांड्यावरील मुलांनी शाळेत जाण्याची रीतच नव्हती. घरात बोली बंजाऱ्यांची आणि शाळेत भाषा मराठी, त्यामुळे मुलाला अक्षरांबरोबर नवी भाषाही शिकावी लागे. वसंताने शिक्षणासाठी लहानपणीच घर सोडले. गावोगावच्या शाळांतून शिकत तो नागपुरास पोहोचला. तेथील मॉरिस कॉलेजातून त्यांनी पदवी मिळविली व १९४० मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. ज्या समाजातील असंख्य माणसे कायद्याला भिऊन जगत होती, त्या समाजातील एक तरुण आता कायद्याचा जाणकार झाला होता.

वसंतरावांनी प्रथम अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिली केली. नंतर ते पुसदला स्थायिक झाले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वत्सलाबाई ब्राह्मण घराण्यातील होत्या. जातीबाहेरचा हा विवाह त्या काळच्या समाजास मानवला नाही. दोन्ही समाजांचा रोष या दांपत्यावर ओढवला. परंतु दोघांनीही तो शांतपणे सोसला. वादविवाद करीत न बसता त्यांनी आपल्या संसारानेच लोकांना उत्तर दिले.

१९४६ मध्ये वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून आले. यवतमाळ व भंडारा हे दोन्ही जिल्हे तेव्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्या राज्याच्या मंत्रिमंडळात वसंतराव उपमंत्री झाले. याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे लोटल्यावर या जमातींच्या पायांतील बेडी तुटली. तेव्हापासून त्यांना विमुक्त, म्हणजे बंधनातून सुटलेले, असे म्हणू लागले.

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. तांड्यावर जन्मलेला मुलगा राज्याच्या सर्वोच्च आसनावर बसला. त्या आसनावर ते अकरा वर्षांहून अधिक काळ होते. ते स्वतः शेतकरी असल्यामुळे संकरित बियाणे, विहिरी व पाटबंधारे यांवर त्यांचा विशेष भर असे. त्यांच्याच कारकिर्दीत राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७२ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी तलाव, बांध व रस्ते यांची कामे काढून लाखो हातांना काम देण्यात आले. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजनाही याच काळात पुढे आली. ज्या समाजाला लोक एके काळी संशयाने पाहत, त्याच समाजाच्या सुपुत्राने लाखो घरांतील चुली विझू नयेत म्हणून कष्ट घेतले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

फिरस्त्या लोकांचा असा छळ केवळ भारतातच झाला असे नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचे वंशज युरोपात रोमा या नावाने राहतात. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी, नाकाला नाक आणि कानाला कान म्हणतात. तेथेही शतकानुशतके त्यांना चोर व उपरे मानण्यात आले. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर या द्वेषाने परिसीमा गाठली. लक्षावधी रोमा स्त्रीपुरुषांना व मुलांना ठार मारण्यात आले. २ ऑगस्ट १९४४ च्या एका रात्रीत आउश्वित्झच्या छळछावणीत चार हजारांहून अधिक रोमा मारले गेले. युरोपात २ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. आपल्याकडे ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन असतो.

कायदा एका दिवसात रद्द करता येतो. मनातील किल्मिष मात्र तितक्या लवकर जात नाही. आजही एखाद्या गावात चोरी झाली, की गावाबाहेरच्या पालांकडे प्रथम बोट दाखविले जाते. त्या पालांतील मुलाला शाळेच्या बाकावर शेजार मिळणेही कधी कधी कठीण जाते. सर्वच मुले वसंतरावांप्रमाणे मुख्यमंत्री होणार नाहीत, आणि मान मिळविण्यासाठी तशी मोठी पदवी कोणाला लागूही नये. माणसाची पारख त्याच्या जन्मावरून न करता त्याच्या कृतीवरून करावी. कायद्याने ज्यांना विमुक्त केले, त्यांना आपल्या मनातूनही मुक्त करणे, हेच वसंतरावांचे खरे स्मरण होय.