शांतिब्रह्म, पण भित्रे नव्हेत

पैठणचे संत एकनाथ म्हटले की त्यांची शांती प्रथम आठवते. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता ते दर वेळी गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. लहानपणी मला वाटे, हा तर भित्रेपणा!

देवगिरीवर जनार्दनस्वामींजवळ शिकलेले नाथ पुढे काशीला गेले. भागवतावर मराठीत टीका लिहिली म्हणून तेथील पंडितांनी जाब विचारला, असे चरित्रकार सांगतात. नाथांनी लेखणी खाली ठेवली नाही. १५७३ साली काशीतच ग्रंथ पुरा केला. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढले आणि बहिष्कार सोसला, अशीही कथा आहे.

१५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. माउलींच्या ग्रंथाला हात लावणारा मी कोण, असे म्हणून ते मागे सरले असते, तर लोकांनी त्यालाही विनयच म्हटले असते. पण अशुद्ध पाठ तसेच राहिले असते.

गेल्या वर्षी उत्तर येत असूनही मी वर्गात उभा राहिलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या बोलीला मुले हसतील, ही धास्ती होती. मनाशी मात्र मी तिला नम्रता म्हणालो. नाथांनी मान सोडला, काम सोडले नाही. मी मान जपला आणि उत्तर गिळले. तो भित्रेपणाच होता.