जेआरडींचं लायसन्स नंबर १ : पावणेचार तासांचं ट्रेनिंग आणि मग एकट्याने आकाशात

पावणेचार तास. इन्स्ट्रक्टर सोबत बसवून जेआरडी टाटा विमान चालवायला शिकले तो वेळ एवढाच. त्यानंतर इन्स्ट्रक्टर खाली उतरला आणि २४ वर्षांचे जेआरडी जुहूच्या मैदानावरून एकटे उडाले. साल १९२९.

पावणेचार तास म्हणजे किती ते जरा डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी चेंबूरहून पुण्याला निघालात आणि घाटात अडकलात, तर तेवढा वेळ गाडीत बसूनच जातो. आम्हा एमएच-०३ वाल्यांना कारचं लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. जेआरडींचं शिक्षण जानेवारीच्या शेवटी शेवटी सुरू झालं आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हातात पायलटचं लायसन्स होतं. त्यावर नंबर होता १.

आज भारतात स्टुडंट पायलट व्हायला वयाची १६ वर्षं पूर्ण लागतात, खासगी पायलटच्या लायसन्ससाठी किमान ४० तास उड्डाण लागतं आणि कमर्शियलसाठी २००. मग पावणेचार तासांत कोणाला एकट्याने विमान कसं काय देतात? जेआरडी इतके ग्रेट होते, की विमान इतकं सोपं होतं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, विमानवाला नाही. पण घर चेंबूरला, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, आणि फ्लाइटरडार उघडून ती कुठून आली ते बघायची सवय लागलीय. त्या सवयीतूनच हे सगळं वाचत गेलो.

आधी तो 'पहिले भारतीय पायलट' वाला फॉरवर्ड

दरवर्षी जुलैच्या शेवटी, म्हणजे जेआरडींच्या वाढदिवसाला, एक मेसेज फिरतो : विमान उडवणारे पहिले भारतीय. हे खरं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भारतीय तरुण लढाऊ विमानं चालवत होते. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. वेलिणकर १९१८ मध्ये लढाईत जखमी होऊन गेले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात मी तरी कधी वाचलं नाही.

जेआरडींचा नंबर १ आहे तो भारतात दिल्या गेलेल्या लायसन्सचा. एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने दिलेलं पहिलं लायसन्स. त्याआधी शिकायचं तर परदेशात जावं लागायचं. मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला १९२८ मध्ये आणि जुहूचं मैदानही त्याच वर्षीचं. म्हणजे रांग सुरू झाली तेव्हा हा माणूस सगळ्यात पुढे उभा होता.

आणि तो खूप आधीपासून उभा होता. जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान ब्रिएर, फ्रेंच. सुट्टीत सगळं कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्देलो या समुद्रकिनाऱ्याच्या गावी जायचं. तिथे शेजारी कोण? लुई ब्लेरिओ, ज्यांनी १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी सगळ्यात आधी ओलांडली. वाळूवर विमानं उतरताना बघत हे पोरगं वाढलं. पंधराव्या वर्षी तिथेच एका विमानात बसून फेरीही मारून झाली. पायलट व्हायचं तेव्हाच ठरलं. स्वतः चालवायला मिळालं नऊ वर्षांनी.

मधल्या काळात बरंच घडलं. आई १९२३ मध्ये गेली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं, ते राहिलं, कारण वडिलांनी भारतात बोलावून टाटांच्या कंपनीत बसवलं. डिग्री नसल्याची खंत त्यांना पुढे आयुष्यभर होती म्हणतात. (आमच्या बॅचमधले अर्धे लोक डिग्री असल्याची खंत करतात, तो विषय वेगळा.) मग १९२६ मध्ये वडीलही गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींवर भावंडांची जबाबदारी आली आणि कंपनीत वडिलांची जागाही. विमान शिकायला क्लबमध्ये नाव घातलं ते या परिस्थितीत. त्या काळात विमान पडणं ही काही दुर्मिळ बातमी नव्हती. खुद्द त्यांचा धाकटा भाऊ जमशेद, घरचे त्याला जिमी म्हणायचे, १९३६ मध्ये विमान अपघातातच गेला.

इन्स्ट्रक्टर उतरला की विमानाचं काय होतं?

क्लबमध्ये शिकवायला डी हॅविलँड कंपनीचं मॉथ विमान असायचं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, एकावर एक असे दोन पंख. इंजिन चार सिलिंडरचं. पुढे जेआरडींनी स्वतःचं जिप्सी मॉथ घेतलं, त्याची ताकद साधारण १०० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या हॅचबॅक गाडीच्या आसपास. स्टार्टर नाही, कोणीतरी पुढे उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, पंप वगैरे काही नाही, पेट्रोल आपोआप खाली येतं. रेडिओ नाही. ब्रेक नाहीत. हो, ब्रेकच नाहीत. मागे शेपटीखाली एक पट्टी असते, ती जमिनीला घासून विमान थांबतं.

सीट दोन, एकामागे एक, दोन्ही उघड्या. पुढे इन्स्ट्रक्टर, मागे विद्यार्थी. दोघांकडेही दांडा आणि पायाखाली रडरची पट्टी, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. तुम्ही दांडा चुकीचा ओढला तर पुढच्याला लगेच कळतं आणि तो तुमच्यावरून कंट्रोल घेतो. बोलायचं कसं? इंजिनचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा की ओरडूनही ऐकू येत नाही. म्हणून एक रबरी नळी असायची. एका टोकाला इन्स्ट्रक्टरचं तोंड, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याचे कान.

आता सोलोच्या दिवशी इन्स्ट्रक्टर उतरतो. बहुतेक आधी काही सांगत नाही, कारण सांगितलं तर पोरगं रात्रभर झोपणार नाही. रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधून ठेवतो, नाहीतर तो दांड्यात अडकायचा. आणि बाजूला होतो.

इथे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट अशी : विमान तेच असतं, पण ते तसं वागत नाही. दोन माणसं आणि पेट्रोल धरून साधारण सातशे किलोच्या आसपास असलेल्या वस्तूतून सत्तर किलोचा माणूस उतरला. म्हणजे जवळपास दहा टक्के वजन गेलं. पुढची सीट विमानाच्या तोलाच्या बिंदूजवळच असते, त्यामुळे तोल फारसा बिघडत नाही. मॉथ एकट्याने मागच्या सीटवरूनच चालवायचं, ते याचसाठी. पण हलकं झालेलं विमान लवकर जमीन सोडतं, भराभर वर चढतं आणि उतरताना जमिनीजवळ येऊनही खाली बसायला तयार होत नाही, तरंगत राहतं. ज्या अंदाजाने तुम्ही आतापर्यंत उतरत होता, तो अंदाज नेमका या फेरीत चुकतो. आणि नळीतून सांगणारं कोणी नसतं.

फेरी तशी छोटीच. उड्डाण, वर चढणं, वळण, मैदानाला समांतर उलटं जाणं, पुन्हा वळण, इंजिन मंद करून खाली येणं. आठ-दहा मिनिटांचा खेळ. टेकऑफ त्यातल्या त्यात सोपा. जमिनीवर असताना विमानाचं नाक वर असल्यामुळे समोरचं दिसत नाही, कडेने वाकून बघायचं, पण एकदा वेग आला की शेपटी उचलली जाते आणि विमानालाच उडायचं असतं. उड्डाण रद्द करायचं असेल तर चाकं जमिनीवर असेपर्यंत करता येतं. चाकं सुटली की उतरण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. आमच्या कामात काही बिघडलं तर जुनं व्हर्जन परत टाकतो, दोन मिनिटांत. इथे जुनं व्हर्जन म्हणजे जमीन, आणि तिच्यापर्यंत स्वतःलाच पोचायचंय.

उतरताना जमिनीपासून हातभर वर असताना विमान तसंच धरून ठेवायचं, वेग मरू द्यायचा, आणि पंखांनी वजन पेलायचं सोडलं की तिन्ही टेकू एकदम टेकले पाहिजेत. लवकर सोडलं तर उसळी. उशिरा सोडलं तर उंचावरून आपटणार. जुहूला तर समुद्र लागूनच, दुपारनंतर खारं वारं सुटतं.

तर उत्तर दोन्ही आहे. विमान साधं होतं, संथ होतं, आकाशात गर्दी नव्हती, रेडिओवर बोलायचं नव्हतं, त्यामुळे शिकायच्या गोष्टीच कमी होत्या. तरीसुद्धा त्या काळात बहुतेकांना सोलोपर्यंत यायला पावणेचार तासांपेक्षा बराच जास्त वेळ लागायचा. आर्देलोच्या वाळूवर उभं राहून बघितलेली लँडिंग्ज कुठेतरी कामाला आली असावीत, असा आपला माझा अंदाज.

अबूकीरचा स्पार्क प्लग

लायसन्स मिळाल्यावर सव्वा वर्षाने जेआरडींनी एकट्याने केलेलं उड्डाण मात्र आठ-दहा मिनिटांचं नव्हतं. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं : भारत आणि इंग्लंडमधलं अंतर, कुठूनही कुठेही, एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून निघाले. उलट्या दिशेने, इंग्लंडहून, अस्पी इंजिनिअर नावाचा १७ वर्षांचा मुलगा आधीच निघालेला.

दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबूकीरला. अस्पी तिथे अडकून पडला होता, स्पार्क प्लगसाठी. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक गेला तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून, म्हणजे एकूण आठ. पण वाळवंट आणि समुद्र पार करायचा असेल तर आठही धड हवेत, वर एखादा जास्तीचा खिशात. जेआरडींकडे जास्तीचा होता. त्यांनी तो काढून दिला. स्पर्धकाला! अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं, कारण समुद्र आता जेआरडींना ओलांडायचा होता.

जेआरडी लंडनला पोचायच्या आत अस्पी कराचीत उतरला. बक्षीस त्यालाच मिळालं. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, १९६० ते १९६४.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पटकन सांगतो. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश पायलटने विमानातून टपाल न्यायची कल्पना आणली. टाटांनी दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीच्या द्रिग रोडवरून पस मॉथ विमानात सुमारे २५ किलो पत्रं घेऊन निघाले. मध्ये अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून. आणि उतरले कुठे, तर त्याच जुहूला. तिथून पुढे मद्रासपर्यंत व्हिन्सेंटने नेलं. पावसाळ्यात जुहूला पाणी भरायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवायचा. (आमच्या चेंबूरमध्ये पाणी भरतं, पण आम्हाला कोणी पुण्याला हलवत नाही.) त्या सेवेचीच १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारने ती घेतली, आणि २०२२ मध्ये ती टाटांकडे परत आली.

मुंबई फ्लाइंग क्लबचं उड्डाणाचं ट्रेनिंग आता धुळ्याला चालतं. मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागाच उरलेली नाही. जुहूचा तळ अजून आहे, तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. अंधेरी-विलेपार्ल्याकडे गेलात तर बाहेरून बघून घ्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. १५ ऑक्टोबर १९८२ ला, त्या टपालाच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी कराची ते मुंबई तोच प्रवास पुन्हा केला. लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या विमानातून. तोपर्यंत सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून काढूनही चार वर्षं झाली होती. वय ७८. विमानात दुसरं कोणी नव्हतं.