चित्रं काढून सुटलेला कोळी

मागच्या सेमला माझं ड्रॉइंगचं शीट तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा वैतागून लायब्ररीत जाऊन बसलो. तिथे हाती लागली नाकाहामा मांजिरोची गोष्ट.

जपानच्या तोसा प्रांतात १८२७ साली एका कोळ्याच्या घरी हा जन्मला. वडील लवकर गेले, शाळा दिसलीच नाही. जानेवारी १८४१ मध्ये चौघांबरोबर मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. तोरिशिमा या ओसाड बेटावर पाचही जण समुद्रपक्षी खाऊन जगले. १४३ दिवसांनी अमेरिकन व्हेलशिकारी जहाजाच्या कॅप्टन व्हिटफिल्डने त्यांना वाचवलं.

पण घरी सोडणार कसं? परदेशी जाऊन परतणाऱ्याला जपानात मृत्युदंडाचा कायदा होता! बाकीचे होनोलुलूत उतरले. मांजिरो मात्र १८४३ मध्ये कॅप्टनबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला पोचला. तिथे तो इंग्रजी, गणित, नौकानयन शिकला, लाकडी पिंपं बनवायलाही शिकला. पुढे व्हेलच्या जहाजावर नोकरी केली, कॅलिफोर्नियात सोनं शोधलं आणि त्या पैशावर १८५१ मध्ये दोन जुन्या सोबत्यांना घेऊन सरळ मायदेश गाठला. जीव गेला असता, पण आईला भेटायचं होतं.

मग महिनोन् महिने चौकश्या. एव्हाना तो जपानी जवळजवळ विसरला होता. तोसातला चित्रकार-विद्वान कावादा शोर्यो त्याची हकीकत लिहून घेऊ लागला. शब्द अडले की चित्रं मदतीला यायची. काही खुद्द मांजिरोने काढली. आगगाडी, वाफेचं जहाज, बोस्टन बंदर... दोनशे वर्षं दारं लावून बसलेल्या देशासाठी ही केवढी खिडकी! १८५२ मध्ये चार भागांचं ते हस्तलिखित, ‘ह्योसोन किर्याकु’, तयार झालं. त्याच वर्षी आई भेटली, पण जेमतेम तीन दिवस. लगेच सरकारी बोलावणं आलं.

१८५३ मध्ये पेरीच्या अमेरिकन युद्धनौका आल्या आणि शोगुनने या कोळ्याला सामुराई केलं. तरी वाटाघाटींत दुभाषा म्हणून घेतलं नाही; अमेरिकेचा माणूस असेल असा संशय! तो रुसून बसला नाही. नौकानयनाच्या अमेरिकन ग्रंथाचं भाषांतर केलं, १८६० मध्ये ‘कानरिन मारू’ जहाजावरून दुभाषा म्हणून पॅसिफिक ओलांडला, पुढे टोकियोत शिकवलं. १८७० मध्ये म्हाताऱ्या कॅप्टनला जाऊन भेटला. १८९८ मध्ये वारला.

वाचून रूमवर आलो आणि गपचूप चौथं शीट लावलं. चित्र नीट कळलं तर समोरच्याला अख्खा देश दिसतो, मग आपला साधा बेअरिंग ब्रॅकेट का नाही दिसणार?