डोंबिवलीत सुचलेली संख्या

गणित म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. दहावी झाली आणि गणिताला रामराम ठोकून मी सरळ आर्ट्सला गेले. पण आमच्या पडवीत संध्याकाळी वस्तीतल्या मुलींचा अभ्यासवर्ग भरतो, तिथे गणितापासून सुटका नाही. त्या मुलींमुळेच माझी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या माणसाशी ओळख झाली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. घरात आकडेमोड चाले, ती मुलात उतरली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे रँग्लर म्हणजे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे बरं का! १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. एवढंच शिक्षण. मग १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर.

रत्नागिरीतल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी डोंबिवलीला असतं. त्याच स्टेशनात कापरेकरांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो, म्हणून त्या 'डेम्लो संख्या'. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१. असं करत नऊ एक्के घेतले, १११११११११, आणि त्यांना त्यांनीच गुणलं, की येते ही सतरा आकडी संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

जिन्यासारखी नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. दिसायला अवाढव्य, पण ही मूळ संख्या नव्हे, संयुक्त आहे. ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा, एवढ्यांचा गुणाकार केला की ती तयार. आणखी गंमत म्हणजे तिच्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा, ८१ येते. आणि ८१ नेच तिला नि:शेष भाग जातो! आपल्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. किती गोड नाव!

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ चा, १९४६ मधला. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान अशी मांडणी करा, तिच्यातून उलटी मांडणी वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. फार तर सात वेळा, की ६१७४ हजर. भाजी निवडता निवडता करून बघा.

पण बड्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. कापरेकर आपल्या पुस्तिका बरेचदा पदरमोड करून छापत. मास्तरांच्या पगारात ते कसं बसत असेल, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शनीत भागेना, म्हणून उतारवयात शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी तिथल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगात नाव झालं. तोवर वयाची सत्तरी आली होती. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

ही सतरा आकडी संख्या मी आमच्या वर्गात फळ्यावर लिहिली. नववीत गणितात नापास झालेली एक मुलगी कोपऱ्यात बसायची, तोंडातून शब्द नाही. तिने वहीत ८१ ने भाग घातला, बाकी शून्य आली. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना धापा टाकत दारात उभी. तिने दहा एक्के घेऊन बघितले होते. हातचे येतात आणि जिना मोडतो, मधे शून्यं घुसतात. १२३४५६७९००९८७६५४३२१. बाई, मीच शोधलं हे, म्हणाली. पोळी तव्यावर करपली.